खेळून पुढे काय?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळा नुकतीच सुटली होती आणि मी वह्यांचा गठ्ठा आवरीत बसलो होतो. इतक्यात आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीचे वडील भेटावयास आले. लष्कर भागात त्यांचे लहानसे दुकान आहे. मुलगी नववीत शिकते, हँडबॉल खेळते, आणि जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली आहे. गृहस्थांनी निवडीचे पत्र माझ्यासमोर ठेवले व म्हणाले, "सर, पोरगी चांगली खेळते, हे सगळेच सांगतात. मला आनंदही आहे. पण खरं सांगा, खेळून पुढे काय?"

या प्रश्नाला मी त्या दिवशी लगेच उत्तर दिले नाही. "आठ दिवसांनी या," असे म्हटले. कारण हाच प्रश्न पूर्वी एकदा मला एका दुसऱ्या पित्याने विचारला होता, आणि त्या वेळी मी दिलेले उत्तर आजही माझ्या मनाला टोचते. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. परंतु या आठ दिवसांत मी जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि ज्याचा विचार केला, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम या खेळाविषयी थोडेसे. हँडबॉल म्हणजे हाताने खेळावयाचा फुटबॉल, असे आपल्याकडे सांगतात. वर्णन अगदी चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मैदान चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. प्रत्येक बाजूस सात खेळाडू. त्यांतली एक गोलरक्षक. गोलाचे खांब तीन मीटर अंतरावर आणि आडवा दांडा दोन मीटर उंचीवर. गोलापुढे सहा मीटरची रेषा आखलेली असते. तिच्या आत गोलरक्षकाखेरीज कोणी पाय टेकावयाचा नाही. म्हणून खेळाडू रेषेबाहेरून उंच उडी घेते आणि पाय जमिनीला लागण्यापूर्वी, हवेत असतानाच चेंडू फेकते. चेंडू हातात ठेवावयाचा तीन सेकंद. तो घेऊन चालावयाची तीन पावले. त्यापुढे एक तर तो जमिनीवर आपटावा, नाही तर सोबतिणीकडे द्यावा, नाही तर गोलावर मारावा. तीस तीस मिनिटांचे दोन डाव. स्त्रियांचा चेंडू चौपन्न ते छप्पन्न सेंटिमीटर घेराचा, म्हणजे मुलीच्या एका पंजात नीट मावेल असा. कसलेल्या खेळाडूच्या हातून तो ताशी ऐंशी किलोमीटरहूनही अधिक वेगाने सुटतो. आणि गोलरक्षक त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी असते!

पुष्कळांना ठाऊक नसेल, परंतु या खेळाचा एक उगम स्त्रियांसाठीच झालेला आहे. डेन्मार्कमध्ये होल्गर निल्सन नावाच्या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असाच एक खेळ आपल्या शाळेत सुरू केला होता. पुढे २९ ऑक्टोबर १९१७ रोजी, पहिले महायुद्ध चालू असताना, बर्लिनमध्ये माक्स हायझर यांनी 'हँडबॉल' या नावाने नियम तयार केले, ते मुलींकरिता आणि स्त्रियांकरिता. धक्काबुक्की नसावी, पण धावणे, झेलणे व फेकणे यांचा भरपूर व्यायाम घडावा, असा त्यामागील हेतू होता. दोन वर्षांनी कार्ल शेलेन्झ यांनी त्या नियमांत बदल करून तो पुरुषांनाही रुचेल असा जोरकस केला. पुढे मौज अशी झाली, की स्त्रियांसाठी निघालेल्या या खेळात ऑलिंपिकचे दार आधी पुरुषांना उघडले. १९३६ साली बर्लिनला आणि १९७२ साली म्युनिकला पुरुष खेळले. स्त्रियांना तो मान १९७६ साली माँट्रिऑल येथे मिळाला.

स्त्रियांची सभागृहातील पहिली जागतिक स्पर्धा मात्र १९५७ साली युगोस्लाव्हियात झाली आणि ती चेकोस्लोव्हाकियाने जिंकली. १९५७ हे साल आपणा ग्वाल्हेरकरांनाही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी, १७ ऑगस्ट रोजी, आपल्या गावात लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. अठराशे सत्तावनच्या संग्रामाची ती शताब्दी होती. जिने जून १८५८ मध्ये याच भूमीवर लढता लढता देह ठेवला, त्या झाशीच्या राणीचे नाव संस्थेला देण्यात आले. मुंबईजवळच्या कांदिवली येथील शारीरिक शिक्षण संस्थेचे प्राचार्य पी. एम. जोसेफ हे या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. १९९५ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. फुलबागेतील समाधीसमोरून आपण नित्य जातो आणि हात जोडतो. परंतु त्या समाधीला हात जोडणारेच आपण घरी आल्यावर मुलीला म्हणतो, "पुरे झाले ते धावणे!" ही विसंगती आपल्या लक्षात येत नाही.

आता 'पुढे काय' या प्रश्नाकडे वळू. युरोपात हँडबॉल हा स्त्रियांचा रीतसर व्यवसाय आहे. मुलगी नवव्या दहाव्या वर्षी गावच्या क्लबात जाऊ लागते. अठरा वीस वर्षांची झाली की उत्तम खेळाडूशी क्लब करार करतो. करारात वेतन ठरलेले, मुदत ठरलेली. पुढे दहा पंधरा वर्षे तो तिचा चरितार्थ असतो. पस्तिशीच्या आसपास बहुतेकींची खेळी संपते, आणि मग कोणी शिक्षिका, कोणी प्रशिक्षिका होते, कोणी निराळेच काम शोधते.

उदाहरण म्हणून रुमानियाच्या क्रिस्तिना न्यागू हिचे आयुष्य पाहू. ती १९८८ साली बुखारेस्टमध्ये जन्मली. २०१० साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, जगातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून तिची निवड झाली. यापुढे नुसता चढता मार्ग, असेच कोणालाही वाटले असते. परंतु ज्या खांद्याच्या बळावर ती खेळत होती, तोच खांदा दुखावला आणि दीर्घकाळ तिला मैदानाबाहेर बसावे लागले. त्यातच ती ज्या क्लबात होती तो क्लब एका रासायनिक कारखान्याच्या आश्रयावर चाललेला होता. कारखाना अडचणीत आला आणि २०१३ साली क्लबही बुडाला. न्यागूला आपला देश सोडून माँटेनेग्रोमधील क्लबात जावे लागले. तेथे तिने पुन्हा आरंभ केला. २०१५ साली त्या संघाने युरोपातील क्लबांचे अजिंक्यपद मिळवले. २०१५, २०१६ आणि २०१८ अशी आणखी तीन वेळा ती जगातील सर्वोत्कृष्ट ठरली. चार वेळा हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. २०१७ मध्ये ती मायदेशी, बुखारेस्टच्या नगरपालिकेने चालवलेल्या क्लबात परतली. २०१८ च्या डिसेंबरात युरोपीय स्पर्धेत खेळताना तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. त्यातूनही ती उठली, आणि युरोपच्या क्लबस्पर्धेत एक हजाराहून अधिक गोल तिने आपल्या नावावर केले.

श्रोतेहो, या आयुष्यातून मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही, की जगातील श्रेष्ठ खेळाडूचा चरितार्थसुद्धा एका खांद्यावर, एका गुडघ्यावर आणि एखाद्या कारखान्याच्या जमाखर्चावर अवलंबून असतो. दुसरी ही, की तिला उभे करणारी एक व्यवस्था तिच्या मागे होती. वैद्य होते, प्रशिक्षक होते, नगरपालिकेचे मैदान होते. आपल्याकडे नगरपालिका मुलींचा खेळसंघ चालवील, अशी कल्पना तरी आपण करतो काय?

'लग्न झाले, मूल झाले, म्हणजे खेळ संपला,' असे म्हणणाऱ्यांसाठी नॉर्वेच्या कात्रिने लुंडे या गोलरक्षिकेचे नाव सांगतो. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात ती होती. पुढे ती एका मुलीची आई झाली. आणि २०२४ साली पॅरिस येथे, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिने तिसरे सुवर्णपदक मिळवले.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात या खेळाचा महासंघ १९७२ साली स्थापन झाला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांत हँडबॉलचा प्रथमच समावेश झाला. स्त्रियांचा हँडबॉल त्या स्पर्धांत १९९० साली बीजिंग येथे आला. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे आपल्या कुमारी संघाने आशियाई अजिंक्यपद पहिल्यांदाच मिळवले आणि स्लोव्हेनियातील जागतिक स्पर्धेत प्रवेश केला. या संघातील कित्येक मुली हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याच्या मोरसिंघी या लहानशा खेड्यात तयार झालेल्या आहेत. स्नेहलता नावाच्या पूर्वीच्या खेळाडूने तेथे मुलींना शिकवावयास आरंभ केला. मोठे शहर नाही, मोठे सभागृह नाही. एक जाणती स्त्री, एक मैदान आणि मुलींना पाठविणारे आईबाप एवढ्या भांडवलावर हे घडले.

मात्र युरोपासारखा करार आपल्या मुलीपुढे नाही, हे मी लपविणार नाही. जून २०२३ मध्ये जयपूर येथे पुरुषांची व्यावसायिक हँडबॉल लीग झाली आणि ती महाराष्ट्राच्या संघाने जिंकली. पण भारतात खेळणाऱ्या मुलीचा चरितार्थ म्हणजे अद्याप बव्हंशी रेल्वेची, पोलिसांतील किंवा निमलष्करी दलातील नोकरी. राष्ट्रीय स्पर्धेत खेळावे, खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर अर्ज करावा, आणि नोकरी मिळाली की त्या खात्याच्या संघातून खेळावे, ही येथली वाट. ती अरुंद आहे. पण वाट आहे.

मराठी मुलुखातील एक उदाहरण दुसऱ्या खेळातले देतो. तेव्हाच्या उस्मानाबादची, आताच्या धाराशिवची, सारिका काळे ही खो-खो खेळाडू. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी तिने सांगितले, की जवळजवळ दहा वर्षे ती दिवसातून एकच वेळ जेवत असे. घरची स्थितीच तशी होती. तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून तिची नेमणूक झाली. पुरस्काराइतकेच त्या नेमणुकीचे मोल मला वाटते. उपाशीपोटी धावलेली मुलगी आता तालुक्यातल्या मुलींच्या खेळाची काळजी वाहण्याच्या जागी आली.

दुखापतीचे भय आईबापांना वाटते, आणि ते अनाठायी नाही. उडी घेऊन एका पायावर उतरताना, किंवा वेगात असता एकाएकी दिशा बदलताना, गुडघा पिळवटतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक आढळते. परंतु नॉर्वेमध्ये या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. दोन्ही गुडघे वाकवून उतरणे, तोल सांभाळणे, मांडीचे स्नायू बळकट करणे, असा पंधरावीस मिनिटांचा व्यायाम खेळापूर्वी नियमाने केला, तर अशा दुखापती पुष्कळ कमी होतात, असे त्यांना आढळले. यास यंत्रे लागत नाहीत. शिकविणारा जाणता लागतो आणि शिस्त लागते. आपल्या शाळांतून मुली मैदानावर येतात आणि अंग गरम न करताच चेंडू फेकू लागतात, याचा दोष मुलींकडे नाही, आम्हा शिक्षकांकडे आहे.

दुसरे भय पोशाखाचे. त्यासंबंधी एक प्रसंग ऐका. जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातील वार्ना येथे वाळूवरील हँडबॉलची युरोपीय स्पर्धा झाली. नॉर्वेच्या मुलींनी ठरवून दिलेला तोकडा पोशाख नाकारला आणि मुलांसारखी अर्धी विजार घालून त्या खेळल्या. त्यांना दीड हजार युरो दंड झाला. मुली बधल्या नाहीत. जगभरातून त्यांना पाठिंबा मिळाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वी आंतरराष्ट्रीय संघटनेला तो नियम बदलावा लागला. अंगावर काय घालून खेळावयाचे हे खेळणारीच्या सोयीने आणि तिच्या मनाने ठरावे. आमच्याकडे कोणी म्हणतो, 'इतके आखूड नको'. तेथे नियम म्हणत होता, 'इतके लांब नको'. मुलीला कोणी विचारलेच नाही, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे!

आता, श्रोतेहो, मी आरंभी जी हकीकत सांगण्याचे कबूल केले ती सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती डावखुरी होती. लहानपणी घरी आजीने आणि शाळेत गुरुजनांनी तिला उजव्या हाताने लिहावयास लावले होते; त्यामुळे तिचे अक्षर वाईट, आणि मीही तिला त्याबद्दल बोललो होतो. परंतु हँडबॉलमध्ये तिचा तो डावा हात म्हणजे देणगी होती. या खेळात मैदानाच्या उजव्या बाजूने चढाई करणारीला उजव्या हाताने गोलावर नेम धरणे अवघड जाते, कारण कोन फार अरुंद पडतो. डावखुरीचा हात मैदानाच्या मध्याकडे येतो आणि तिला गोल मोकळा दिसतो. म्हणून प्रत्येक संघ डावखुऱ्या खेळाडूच्या शोधात असतो. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. तिच्या खेळाच्या शिक्षकांना ठाऊक होते, आणि त्यांनी तिचे नाव राज्याच्या शिबिरासाठी पाठविले होते.

ती दहावीत होती. शिबिराच्या तारखा आणि पूर्वपरीक्षेच्या तारखा एकच आल्या. तिचे वडील मजकडे आले आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला. मी म्हटले, "अहो, खेळाने पोट भरत नाही. परीक्षा होऊ द्या, मग खेळेल." मुलगी दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. शिबिरास गेली नाही. परीक्षा दिली, पास झाली. आणि पुढे खेळली नाही. परीक्षा पुन्हा घेता आली असती. शाळेला एक अर्ज लिहून तशी विनंती करणे माझ्या हातात होते. तो अर्ज मी लिहिला नाही. तो लिहिता येतो, हे मला सुचलेसुद्धा नाही.

तीनएक वर्षांपूर्वी ती मला बाड्यावर भेटली. सोबत तिची लहान मुलगी होती. नमस्कार करून तिने माझी, घरच्यांची विचारपूस केली. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे मला वाटले. ती मोठी खेळाडू झाली असती की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. कदाचित शिबिरातूनच परत आली असती. परंतु ते ठरविण्याचा अधिकार मैदानाचा होता. तो मी शिक्षकांच्या खोलीत बसून वापरला.

आठ दिवसांनी ते दुकानदार गृहस्थ परत आले. मी त्यांना खोटी आशा दिली नाही. मी म्हटले, "दादा, पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही. शंभरातील एखादीच देशासाठी खेळेल. तिला नोकरी लागेलच, असेही नाही. पण अभ्यास सोडू नका आणि खेळही सोडवू नका. परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी आल्या तर मजकडे या. अर्ज मी लिहीन. गुडघा दुखतो म्हणाली तर नाटक समजू नका, वैद्याला दाखवा. दोन्ही वेळ पोटभर जेवू घाला. डाळ, दूध, अंडे, जे घरात चालत असेल ते. आणि संघासोबत बाहेरगावी जाताना जबाबदार बाई बरोबर आहे की नाही, हे आधी विचारून घ्या. ते विचारणे हा तुमचा हक्क आहे."

त्यांनी विचारले, "आणि नाहीच काही झाले तर?"

मी म्हटले, "तर ती पडल्यावर उठावयास शिकलेली असेल. आपली चूक झाली तर सोबतिणीला दोष न देता परत धावावयास शिकलेली असेल. आणि आपल्याला कोणी करू दिले नाही, ही रुखरुख तिच्या मनात राहणार नाही."

गृहस्थ थोडा वेळ बसून राहिले. मग त्यांनी खिशातून निवडीचे पत्र काढले आणि सही कोठे करावयाची ते मला विचारले.

श्रोतेहो, आपणांपैकी कोणाच्या घरी असे पत्र आले असेल, तर त्यावर लगेच 'नाही' लिहू नका. एकदा मैदानावर जाऊन बसा आणि आपली मुलगी कशी खेळते ते डोळ्यांनी पाहा. आणि जे माझ्यासारखे शिक्षक असतील, त्यांना एवढीच विनंती, की तो एक अर्ज लिहावयास विसरू नका.